श्रीहरिहरेश्वराची सागरप्रदक्षिणा

आम्हां वसईकरांस समुद्राचें नवल तें काय? अर्नाळा, राजोडी, कळंब येथील वाळू आमच्या नित्य परिचयाची. परंतु समुद्र हा पाथरवटहि आहे, याचा प्रत्यय घ्यावयाचा तर रायगड जिल्ह्यांतील श्रीवर्धन तालुक्यांत हरिहरेश्वरीं जावें. १७३९ सालीं वसई घेणाऱ्या चिमाजीअप्पांच्या घराण्याचें हें कुलदैवत. तेव्हां हें क्षेत्र आम्हांस परकें नाहीं.

देवळामागील टेकडी चढून गेलें कीं दोन कड्यांमधील अरुंद घळींतून दगडी पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खालीं कातळाचा विस्तीर्ण ओटा, आणि कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें असंख्य कोनाडे! हा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा होय. लाटांचे तुषार त्याच्या छिद्रांत मुरतात; उन्हानें पाणी आटतें, मीठ उरतें, आणि त्याचे स्फटिक वाढतांना दगडाचा कण कण सुटतो. खळगा पडला कीं त्यांत सावली व ओल टिकते. म्हणून तोच अधिक खोल होतो व मधल्या भिंती तशाच राहतात. पायथ्याशीं लाटा कडा पोखरतात, वरचा भाग ढासळतो. कडा असा मागें हटत गेला, त्याचाच हा ओटा झाला.

प्रदक्षिणेची वाट या ओट्यावरूनच जाते, व ती केवळ ओहोटींत मोकळी असते. भरतींत लाटा कड्यास भिडतात. येथें माणसें बुडालीं आहेत. कोंकणांतील जुना ठोकताळा असा, कीं तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ येते. त्यानंतर सहा तासांनीं ओहोटी. द्वितीयेस भरती दीड वाजतां, म्हणजे ओहोटी सकाळीं साडेसातास.

आमच्या थोरल्या वहिनींचा या प्रदक्षिणेचा संकल्प तीस वर्षें राहिला होता. माघ वद्य द्वितीयेस आम्ही सहकुटुंब निघालों, पण मोटार वाटेंत बिघडली व पोहोंचावयास साडेनऊ वाजले. वहिनी पायऱ्यांपाशीं हट्टास पेटल्या. पाणी तर चढूं लागलेलें. तेव्हां तेथील गुरव म्हणाले, "आजी, देव कोठें जात नाहीं. उद्यां सव्वाआठाची ओहोटी आहे. तिच्या आधीं या."

वहिनी मुकाट्यानें परतल्या. दुसरे दिवशीं नातवाचा हात धरून त्यांनीं प्रदक्षिणा पुरी केली.

वाचकांनीं अवश्य जावें. मात्र पावसाळ्यांत जाऊं नये, आणि पंचांग पाहिलें तरी स्थानिक मंडळींस विचारल्यावांचून ओट्यावर उतरूं नये. शिवाय त्या पातळ भिंतींवर आपलें नांव कोरूं नये. समुद्रास त्या घडवावयास युगें लागलीं आहेत.