काळ्या जमिनीतली सर्कस

१९६७ ते १९७० अशी तीन वर्षे मी एका फिरत्या सर्कशीत हिशेबनीस होतो. सिंहाच्या पिंजऱ्याला खेटून माझी रावटी असे, पण त्याच्या डरकाळीने माझी झोप कधी मोडली नाही. झोप मोडे ती तंबूच्या मेस्तरीच्या हाकेने. मध्यरात्री तो रावटीबाहेर येऊन एवढेच म्हणे, "मास्तर, उठा. वारं फिरलं."

पावसाळ्यात आमची सर्कस नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) येई, त्यामागे मालकांचा आडाखा होता. कोकणात नि घाटमाथ्यावर तेव्हा तंबू ठोकण्याची सोय नाही. नगर पडले सह्याद्रीच्या पाठीशी. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस. शिवाय १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला, १९५०च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे आभाळ कोरडे नि लोकांच्या खिशात पैसा! एकच गोष्ट मालक विसरत. त्या वीस-बावीस इंचांतला मोठा वाटा भाद्रपदात पडतो.

त्या तीन वर्षांतल्या एका भाद्रपदात आम्ही श्रीरामपूरला उतरलो. दौंड-मनमाड मार्गावरच्या ह्या स्टेशनाचे नाव बेलापूर नि गावाचे श्रीरामपूर, त्यामुळे आमच्या दोन वाघिणी कुठे पाठवायच्या ह्यावर निम्मा दिवस वाद झाला. असो. मैदान पाहून मेस्तरीचा चेहरा मात्र उतरला. जमीन काळीभोर, खोल. कोरडी असताना ती इतकी टणक की घणाखाली मेख तिरकी होई. एकदा भिजली की तीच मेख लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते.

ह्यात दोराचा वैरभाव वेगळाच. सुती आणि तागाचे दोर भिजले की आखडतात. म्हणजे खाली जमीन मेख सोडते नि त्याच वेळी वरून दोर तिला ओढतो. म्हणून सर्कशीत पाऊस सुरू होताच माणसे दोर घट्ट करायला धावत नाहीत, ढिले करायला धावतात. घरी कपडे वाळत घालणाऱ्यांना हे उलटे वाटेल! मेस्तरी प्रत्येक मेखेमागे दुसरी मेख ठोकवी, आणि मुख्य दोरांसाठी जमिनीत हातभर खोल ओंडका आडवा पुरून त्याला दोर बांधी. छतावर पाण्याची डबकी साचली की आतून बांबूने ती उचलून सांडायची. एका डबक्याला उशीर झाला की कापड फाटलेच म्हणून समजा.

आमच्या झोक्यावरच्या मुली तेलिचेरीकडच्या. त्यांच्या गावाला सर्कशीची परंपरा मोठी. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत पहिली देशी सर्कस उभी केली, ती पुढे तिकडे गेली, आणि कीलेरी कुन्हीकण्णन ह्यांनी १९०१ साली तिथे सर्कशीची शाळाच काढली. ह्या मुली नगरचा पाऊस पाहून हसत. "मास्तर, हा पाऊस? आमच्याकडे ह्याला दव म्हणतात!" पण त्यांच्याकडे पायाखाली जांभा असतो. इथे त्यांच्या चपला चिखलात रुतून राहत आणि त्या अनवाणी, झगझगीत पोशाख गुडघ्यापर्यंत वर धरून तंबूत येत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला तंबू भरला होता. श्रावण कोरडा गेलेला, कालव्याखाली नसलेल्या शिवारांत बाजरी निसवून उभी; दाणा भरायला पाणी नव्हते. सायकलीचा खेळ चालू असताना छतावर पहिले थेंब वाजले. मी तिकिटाच्या खिडकीत गल्ला मोजत होतो. माझ्या पोटात गोळा आला. एवढ्यात आतून अशा टाळ्या आल्या की मी पळत जाऊन पाहिले. सायकलवाला रिंगणात गोंधळून उभा होता. लोक वर छताकडे बघत टाळ्या पिटत होते. एक म्हातारा पागोटे काढून फळीवर उभा राहिला होता. झोक्यावरच्या मुलींना तीन वर्षांत मी तसल्या टाळ्या पडलेल्या ऐकल्या नाहीत.

मग वारा सुटला. मालकांनी बँडला "वाजवत राहा" म्हणून खूण केली. लोक शांतपणे बाहेर पडले, काही तर मुद्दाम भिजत. शेवटचा माणूस गेल्यावर मेस्तरीने छत खाली सोडायला लावले, ते एक बाजू फाडूनच खाली आले.

पुढे पाच दिवस पाऊस. छत शिवायला वाळले पाहिजे, वाळायला ऊन पाहिजे. सव्वाशे माणसे, घोडे, सिंह नि दोन हत्तिणी. खेळ असो-नसो, ही तोंडे चालूच. एका हत्तिणीला रोजची चार मण वैरण लागे. चौथ्या दिवशी माझ्या पेटीत पगाराचे निम्मेही पैसे उरले नव्हते. सगळ्यांनी अर्धा पगार घेतला. विदूषकाने तोही बायकोच्या बाळंतपणासाठी गावी धाडला आणि स्वतः भटारखान्यात भांडी घासून जेवला. ट्रंका विटांवर, पोरे ट्रंकांवर, अशी बिऱ्हाडे चालली होती.

आणि पाचव्या दिवशी एक बैलगाडी चिखल तुडवत आली. उसाच्या वाढ्यांनी भरलेली. मी पैसे विचारले.

"कशाचे पैसे? जनावरं उपाशी हायेत म्हनं. घ्या उतरून."

"पण बाबा, आमचा खेळ तर अर्धाच झाला तुमच्यासमोर."

"झाला की! बाजरी वाचली." त्याने बैलांना पाणी दाखवले आणि गेला.

१९९८मध्ये सरकारी अधिसूचनेने वाघ-सिंहांचे खेळ थांबले, पुढे हत्तीही सर्कशीतून गेले. आमच्या दोन्ही हत्तिणींनी त्या दिवशी वाढ्यांची गाडी दुपारपर्यंत संपवली आणि संध्याकाळी रुतलेले पिंजरे ओढून सडकेला लावले. रात्री मी वही उघडली. जमेच्या बाजूला लिहिले, "वाढे, गाडी एक." रकमेचा रकाना कोरा ठेवला. मालकांनी कंदील जवळ धरून ते वाचले, काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मास्तर, पुढच्या गावाला पत्र टाका. मैदानाची माती कुठली, तेवढं विचारा."