सेव्ह केलंस का?

परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, व्हिडिओ एडिटिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? इफेक्ट्स कशात जास्त आहेत?" म्हटलं, इफेक्ट्सचं नंतर बघू, आधी ते मधेच बंद पडतं का ते बघ. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

तर झालं असं. २०१८ साली आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. संध्याकाळी हॉलवर दाखवायला वीस मिनिटांची फिल्म करायचं मी आपणहून अंगावर घेतलं. सगळ्या भावंडांनी मोबाइलवर केलेलं शूटिंग आणि मी घेतलेली आजोबांची दोन तासांची मुलाखत, असा ऐवज होता. सॉफ्टवेअर जाहिरात बघून निवडलं होतं. (नाव नको.) आदल्या रात्री दोन वाजता पडदा गोठला आणि खिडकीच गायब! फाइल पुन्हा उघडेचना. ऑटोसेव्ह मीच बंद केला होता, कारण तो चालला की काम अडखळायचं. जुनी प्रत तीन दिवसांपूर्वीची, पहिल्या सहा मिनिटांची.

आई चहा घेऊन आली. "सेव्ह केलं नव्हतंस का रे?"

काय सांगणार...

मग पुन्हा पहिल्यापासून मुलाखत ऐकायला बसलो. एके ठिकाणी आजोबा बोलता बोलता थांबतात, बाजूला बसलेल्या आजीकडे बघतात आणि मग पुढे बोलतात. अकरा सेकंद. आधीच्या वेळी ती फालतू जागा समजून मी कापली होती. ह्या वेळी ठेवली. फिल्म बाराच मिनिटांची झाली, पण झाली. आजोबा २०२१ मध्ये गेले. आजी अजूनही तेवढीच अकरा सेकंद लावायला सांगते.

म्हणून त्या सॉफ्टवेअरचे आभार वगैरे मानणार नाही हं! खरं तर चूक माझीही होती. मोबाइलचा व्हिडिओ दिसायला साधा, पण बहुतेक फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं. एक फ्रेम दाखवायची तर संगणकाला आजूबाजूच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. त्यात मोबाइल फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, मग आवाज ओठांच्या मागेपुढे सरकतो. उपाय म्हणजे आधी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून त्यांवर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायच्या. आई नाही का, फोडणीला तेल ठेवण्याआधी सगळं चिरून, डबे काढून ठेवते! तसंच.

दुसरं असं, की प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, एवढीच यादी असते. ती इतकी लहान असते की रोज तारीख घालून वेगळी प्रत ठेवायला काहीच लागत नाही. मी ठेवली नव्हती, इतकंच.

मोठ्या लोकांनाही हा प्रश्न पडतोच. वॉल्टर मर्च ह्यांना 'द इंग्लिश पेशंट'च्या संकलनासाठी १९९७ साली ऑस्कर मिळालं, ते अ‍ॅव्हिडवर केलेलं काम होतं. तरी २००३ चा 'कोल्ड माउंटन' त्यांनी फायनल कट प्रोवर केला. तेव्हा एवढ्या मोठ्या चित्रपटासाठी ते धाडसच होतं. पण हा माणूस उभं राहून एडिटिंग करतो, म्हणजे आपल्याला कसं काम करायचंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अवजार नंतर.

मी सध्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. ती उत्तमच आहे असं नाही, पण तिच्या खोडी मला माहीत झाल्यात. नवीन आवृत्ती आली तरी हातातलं काम संपेपर्यंत मी ती घेत नाही.

भावाला एवढंच सांगितलं, की आधी तुझ्याच मोबाइलचं तासभर शूटिंग त्यात टाक, दहा मिनिटांचं काहीतरी करून शेवटपर्यंत बाहेर काढ. त्यात टिकलं तर घे.

असो. काल त्याचा निरोप आला, लग्नाचं शूटिंग कापायला घेतलंय म्हणून. मी उलट एवढंच विचारलं, "सेव्ह केलंस का?"