दिलेल्या तारखेचा शब्द

दरवर्षी मे महिन्यात वसईला घरी गेलो, की पंगतीत शेजारी बसलेले कोणी ना कोणी वडीलधारे मला हटकून विचारतात, "बाबा रे, तू तिकडे माळव्यात गाड्या बनवतोस म्हणे. गाडीचे नेमके काय बनवतोस?" या प्रश्नाचे खरे उत्तर "काहीच नाही" असे आहे. मी लोखंड ओतीत नाही, चाक बसवीत नाही, नकाशाही काढीत नाही. मी प्रकल्प व्यवस्थापक आहे. निरनिराळ्या शंभर हातांनी केलेले काम ठरल्या दिवशी एकत्र यावे, एवढेच पाहणे हा माझा व्यवसाय.

आमच्या गावातील लग्नघराचा कारभारी आठवा. मांडव, स्वयंपाक, वाजंत्री, कपडे, पाहुण्यांची सोय यांपैकी कोणतेही काम तो स्वतः करीत नाही. परंतु कोणते काम कोणत्या कामासाठी खोळंबेल, हे त्यालाच ठाऊक असते. मांडवाला उशीर झाला तर तो रातोरात उभा करता येईल. मात्र चर्चमध्ये रविवारी व्हायच्या घोषणा राहून गेल्या, तर सारे सज्ज असूनही घोटाळा होतो. ज्या कामांतील एक दिवस हुकला की सबंध कार्यच एक दिवस पुढे जाते, त्या कामांच्या साखळीला आमच्या शास्त्रात 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. ही साखळी ओळखणे व तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे, हे माझ्या विद्येचे अर्धे सार आहे. उरलेले अर्धे मी पुस्तकात नव्हे, तर धार आणि देवास या दोन जिल्ह्यांच्या दरम्यान शिकलो.

या दोन्ही नावांशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. म्हणूनच तेथील जुन्या पेठांतून आजही मराठी बोलणे कानी पडते. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. आयशर कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने 1986 साली तेथे मालमोटारी बनवण्यास आरंभ केला, आणि आयशर व स्वीडनची व्होल्वो यांची भागीदारी 2008 साली झाली. मोटारींच्या चाचणीसाठी बांधलेला 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान लंबवर्तुळाकार मार्गही पिथमपूरलाच असून तो जून 2021 मध्ये खुला झाला. इंदूरच्या पलीकडे देवासला दंतचक्रे, धक्काशोषक यांसारखे सुटे भाग तयार होतात. पिथमपूर ते देवास या रस्त्यावर माझ्या आयुष्याची बारा वर्षे गेली आहेत.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासंबंधी 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू व्हायचे होते. चौथ्या टप्प्यावरून पाचवा गाळून एकदम सहाव्यावर उडी घ्यायची होती, आणि त्या तारखेनंतर जुन्या नियमांची वाहने विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिला होता. डिझेलच्या मालमोटारींचा धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा बसवावी लागणार होती. त्या द्रावणाची टाकी गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा एक ओतीव भाग आमच्या प्रकल्पात होता. तो देवासकडील एका लहान कारखान्यात तयार होत असे.

तेथील मुख्य मिस्त्री मराठी होते. मी त्यांना काका म्हणत असे. 2019 च्या पावसाळ्यात त्यांनी मला साच्याजवळ नेले आणि फोडलेल्या ओतकामातील पोकळ्या दाखवल्या. "साहेब, साचा दुरुस्त केल्यावाचून माल निघायचा नाही. पंधरा दिवस द्या," ते म्हणाले.

आमच्या साप्ताहिक अहवालात प्रत्येक कामापुढे रंग भरायचा असतो: सुरळीत असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडले असेल तर लाल. त्या रात्री मी हिरवा रंग भरला. पुढल्या आठवड्यात जमून जाईल, अशी मनाची समजूत घातली. बढतीचे दिवस जवळ आले होते, हेही लपवीत नाही. पुढील आठवडाही हिरवाच गेला. तिसऱ्या आठवड्यात माल आला नाही, आणि चाचणीची ठरलेली पाळी हुकली. सभेत वरिष्ठांनी काकांना उभे करून विचारले, "ही अडचण आधी का नाही सांगितली?" काकांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी गप्प बसलो.

पुढल्या रविवारी मी उदयनगरला गेलो. देवास जिल्ह्यातील हे खेडे धन्यवादित राणी मारिया यांचे सेवाक्षेत्र. केरळच्या या धर्मभगिनी तेथील गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सुटण्याची वाट दाखवीत असत. धमक्या आल्या, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांच्या कबरीसमोर गुडघे टेकताना मला दुसरे काही मागवेना. खरे बोलण्यासाठी त्यांनी प्राण दिला. मला तर केवळ एका सभेतील लाज सोसायची होती.

सोमवारी मी वरिष्ठांना सारे सांगितले, आणि काकांना ज्या सभेत बोल लागला होता, त्याच सभेत पुन्हा उभा राहून सांगितले. बढती त्या वर्षी गेली. आम्ही साचा दुरुस्त केला, रात्रपाळ्या केल्या आणि डिसेंबरात चाचणी पार पडली. पुढे मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली, आणि ज्या 1 एप्रिलच्या धास्तीने आमची झोप उडाली होती, तो दिवस कारखान्याचे दरवाजे बंद असतानाच उगवून गेला! माणसाच्या योजनांची धाव किती, हे तेव्हा उमगले.

काका पुढे एकदा म्हणाले, "साहेब, आजवर मी तुम्हांला दोन दिवस वाढवूनच सांगत होतो. तुम्ही कापणार, हे ठाऊक होते. आता मोजूनच सांगीन." मला वाटते, माझ्या व्यवसायाचा खरा आरंभ त्या दिवशी झाला. व्यवस्थापकाच्या हाती हुकमत थोडी असते. ओतकामवाला, खरेदीवाला, चाचणीवाला यांपैकी कोणीही त्याचा चाकर नसतो. त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास असेल, तरच त्याला खऱ्या तारखा कळतात; आणि खऱ्या तारखा कळल्या, तरच त्याचा तक्ता कामाचा.

आपल्या गावांतील अनेक मुले आज अभियांत्रिकीची पदवी वा पदविका घेत आहेत. या मार्गाने येऊ इच्छिणाऱ्यांना मी सांगेन, की आधी चार-पाच वर्षे कारखान्याच्या जमिनीवर काढा. नकाशा वाचायला, खर्चाचा हिशेब मांडायला आणि मिस्त्रीचे ऐकायला शिका. प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षा आहेत, त्याही अवश्य द्या. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभू येशूने सांगितली आहे, ती विसरू नका. आणि वाईट बातमी ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी सांगा. शिळी झाली की तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

काका आता निवृत्त झाले आहेत. देवासला गेलो, की मी त्यांच्या घरी चहा घेतल्यावाचून परतत नाही. त्या सभेचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढलेला नाही.