तीन नंबर



आमच्या मामंजींची प्रीमियर पद्मिनी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहे. जुन्या फियाट अकराशेचंच हे रूप. 1974 पासून ती पद्मिनी या नावानं निघू लागली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. कुंभोजच्या बाहुबलीला आम्ही नेहमी तिच्यातूनच जातो.

यंदा दशलक्षण पर्व तोंडावर आलं आणि गाडी अडखळू लागली. उभी असताना थरथरायची, चढावर दम टाकायची. मेकॅनिक आला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आमचे हे म्हणाले, "विकूनच टाकू." शिवाय मुलावर ओरडले, "बॉनेट उघडून पाइपनं पाणी तूच मारलंस ना? तूच बिघडवलीस!" पोरगं रडून खोलीत गेलं, जेवायला आलंच नाही. दिवस मावळला, म्हणजे रात्रभर उपाशीच. मामंजी काही बोलले नाहीत. त्यांचे हात आता कापतात, पाना धरवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, हात तुझे, कान माझे. बघूया."

बॉनेट वर केलं. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून चार प्लगना चार जाड वायरी जातात. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी नीट चालायची नाही, म्हणून मी आधी प्रत्येकीला चिंधी बांधून नंबर घातला. मग इंजिन बंद करून एक वायर काढायची, तिला जुना प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा, हात लांब घ्यायचा आणि गाडी चालू करायची.

एक नंबर काढला, इंजिन आणखी लंगडलं. "हा काम करतोय," मामंजी डोळे मिटून म्हणाले. दोन आणि चारचंही तसंच. तीन काढला, तर आवाजात काडीचा फरक नाही! म्हणजे आळशी तोच. बाकीच्या तिघांच्या वेळी बाहेरच्या प्लगवर निळी ठिणगी दिसली होती, इथे काहीच नाही.

"नवा प्लग आणायचा का?" मी विचारलं.

"ठिणगी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

डिकीतली जुनी वायर लावून पाहिली. तरी ठिणगी नाही. मग दोन क्लिपा सोडून टोपी काढली, आतून कोरड्या फडक्यानं पुसली, उजेडात धरली. तीन नंबरच्या टोकापासून कडेपर्यंत केसासारखी काळी रेघ! ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून लोखंडात उतरत होती.

"पाण्यानं झालं का हो मामंजी?" मी भीतभीतच विचारलं.

"अगं, अशी रेघ एका धुण्यानं पडत नाही. पुष्कळ दिवस जळत जळत होते."

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात टोपी मिळाली. इंजिनच्या कामाच्या मानानं खर्च किरकोळ. टोपी बसवली, चिंध्या बघून वायरी लावल्या. गाडी शिवणयंत्रासारखी एकसुरात चालू लागली. मामंजींनी बॉनेटवर हात ठेवला. तो कापत होता, पण तोंडावर समाधान होतं.

ती काळी रेघ मी यांना दाखवली. बराच वेळ बघत राहिले. क्षमावाणीला अजून दिवस होते, पण ते थांबले नाहीत. मुलाच्या खोलीत गेले, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. न बघताच बोललो."

त्या दिवशी ऊन असतानाच आम्ही सगळे एका पंगतीला जेवलो. पोरानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता घरात काही बिघडलं आणि माझं बोट कुणाकडे वळायला लागलं, की मला चिंध्या बांधलेल्या त्या चार वायरी आठवतात. एकेक काढून बघितल्याशिवाय दोष कुणाचा, ते म्हणायचं नाही.