सायलेन्सरचा डबा किलोवर घेऊ नकोस

कुर्ला, मुंबई

चि. राजू,


खांडबाऱ्यात भंगाराचं दुकान टाकलंस, ताईनं सांगितलं. बरं केलंस. विसरवाडीचा हायवे जवळ, गाड्यांचा माल येणारच. लोखंड, पत्रा, बॅटरी तुला कळतंच. पण सायलेन्सरचा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, किलोला काय भावानं घेऊ, असं तू विचारलंस, म्हणून हे पत्र.

किलोवर तो घ्यायचाच नसतो. वजन असतं पत्र्याचं, पैसे असतात आतल्या सिरॅमिकच्या जाळीचे. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. छोट्या गाडीत तिन्ही मिळून मोजके ग्रॅम, आणि तेही मॉडेल-वर्षागणिक वेगळे. म्हणून आधी डब्यावर कोरलेला नंबर बघ. डबा पुसून नंबरचा फोटो काढ आणि इकडे पाठव. कंपनीचा नसून नंतर बसवलेला स्वस्तातला असेल तर आत धातू जेमतेमच. मग एका तोंडातून टॉर्च मारून बघ. जाळी वितळलीय का, अर्धी पडलीय का? कधी माल काढून घेऊन नुसतं टरफल पुढे करतात, वर वेल्डिंगही झकास असतं.

बीएस-सिक्स ट्रकचा मोठा डबा बघून हुरळू नकोस. त्यातल्या एससीआरच्या (सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शनच्या) जाळीच्या विटांमध्ये बहुधा व्हॅनेडियम नाहीतर तांबं असतं, प्लॅटिनम नाही. आणि दुकानात हातोड्यानं फोडायचं तर मुळीच नाही. ती धूळ छातीत जाते, शिवाय सांडली की पैसेच सांडले.

भाव रोज विचारायचा. 2021 मध्ये ऱ्होडियम औंसाला 29,000 डॉलरच्या घरात गेलं होतं, 2023 मध्ये पाच हजारांच्या खाली आलं. त्या तेजीत साठा करून बसलेले किती तरी झोपले. पुड्या भरून आलेली 'सायलेन्सरची माती', म्हणजे फोडलेल्या जाळीचा चुरा, तर हातात घेऊच नकोस. तीत काय मिसळलंय ते लॅबशिवाय कुणाला सांगता येत नाही.

ही माती आली कुठून, तेही तुला ठाऊक असायला हवं. आपल्याकडे आणि नवापूरपलीकडे गुजरातेत मारुती ईकोचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे, ते ह्याच मातीसाठी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं. तेव्हा आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय सुटा डबा घेऊ नकोस. पाइप ताजा कापलेला दिसला, तर गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी परत पाठव.

तुझा,
मामा