तांदळाएवढा भुंगेरा आणि तांबडा डोंगर

मुलांनो, बारा महिने हिरवं असणारं जंगल अचानक तांबडं दिसू लागलं तर? अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, रॉकी पर्वतातल्या मेडिसिन बो जंगलात हे खरोखर घडलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-पंधरा वर्षं तिथले पाइनचे डोंगरच्या डोंगर आधी तांबडे आणि मग राखाडी होत गेले. वणवा नाही, कुऱ्हाड नाही. हा प्रताप होता एका काळ्या भुंगेऱ्याचा. केवढा असेल तो? तांदळाच्या दाण्याएवढा!

जुलै-ऑगस्टात मादी पाइनची साल पोखरून आत शिरते. झाडही गप्प बसत नाही बरं का! चिकट राळ सोडून ते तिला बाहेर ढकलू पाहतं. पण मादी एक वास सोडते आणि त्या वासावर शेकडो भुंगेरे येऊन धडकतात. मग राळ कुठवर पुरणार? त्यांच्याबरोबर आलेली बुरशी झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते, सालीखाली अळ्या कुरतडत असतातच. पुढच्या उन्हाळ्यात झाड तांबडं. हिवाळ्यात सलग काही दिवस उणे ३५-४० अंशांची थंडी पडली, तर या अळ्या मरतात. पण तिथले हिवाळे सौम्य होत गेले, त्यात दुष्काळाने झाडं अशक्त झालेली. भुंगेऱ्याचं चांगलंच फावलं.

आता एक कोडं. झाडांच्या सुया गळल्या, जमिनीवर ऊन आलं, गवत वाढलं. मग तिथल्या एल्कची चंगळ झाली की पंचाईत? एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं मोठं हरीण. माझ्या चौथीच्या वर्गात जवळजवळ सगळे हात ‘चंगळ’ला वर झाले. सुट्टीत शेळ्यांमागे हिंडणारी एक मुलगी तेवढी म्हणाली, “बाई, पण पडलेल्या झाडांतून चालायचं कसं?”

असल्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून मिळत नाही. उंचावरचा बर्फ जूनपर्यंत हटत नाही आणि ऑक्टोबरात पुन्हा पडू लागतो. अभ्यासकांना मिळतात ते मधले चार महिने. पक्षी मोजणारे पहाटेच पोहोचतात, एका जागी ठरावीक मिनिटं उभं राहून नुसतं ऐकतात आणि टिपून घेतात. कुणी झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतं, कुणी लेंड्या मोजतं. हसू नका, लेंडी म्हणजे जनावराने केलेली सहीच! डोक्यावर हेल्मेट हवंच. वारा सुटला की काम टाकून बाहेर पडायचं, कारण मुळं कुजलेलं झाड कधी कोसळेल याचा नेम नाही. काड्यापेटी सांडावी तशी खोडं जिकडेतिकडे पडलेली. ती ओलांडता ओलांडता एक किलोमीटर चालायलासुद्धा दम लागतो.

वायोमिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सिएरा माद्रे डोंगरातल्या एल्कच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले. कोणतं जनावर कधी कुठे होतं, हे त्यातून कळतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर असं, की उन्हाळ्यात एल्क मेलेलं जंगल टाळतात! आडव्या खोडांवरून उड्या मारण्यात ताकद खर्च होते, शिवाय सावलीही गेलेली. आमच्या शेळीवालीने बरोबर ओळखलं होतं.

मग सगळ्यांचंच वाईट झालं का? तसंही नाही हं. तीन बोटांचा सुतार पक्षी (इतर बहुतेक सुतारांना चार बोटं असतात) साली सोलून अळ्यांवर ताव मारतो. पण अळ्या संपल्या की त्याची पंगत उठली. तांबडी खार पाइनचे शंकू साठवून हिवाळा काढते. मेलेल्या झाडाला नवे शंकू लागत नाहीत, म्हणजे तिचं कोठार भरायचं कसं?

राखाडी खोडांच्या मध्ये आता पाइनची कोवळी झाडं वर येत आहेत. जुनी खोडं मात्र एकेक करून अजून कोसळतात. या वर्षी जिथून एल्क सहज गेला, तिथे पुढच्या वर्षी दहा खोडं आडवी असू शकतात. मग बर्फ वितळला की पुन्हा हेल्मेट, पुन्हा वही आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी.