घट्टे

पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला अण्णांना घेऊन गेलो होतो. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. पुसून ठेवला, बोटं बदलली, तरी नाही. समोरचा मुलगा म्हणाला, "काका, रेषाच राहिल्या नाहीत हो." कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस ९५ ची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये. तेवढ्यासाठी या माणसाने जिवंत असल्याची साक्ष कारखान्यात झिजलेल्या बोटांनीच द्यायची! अजून राग जात नाही.

१९७२ च्या दुष्काळात अण्णा गाव सोडून भोसरीला आले आणि फिटर झाले. कानशीच्या मुठीने तळव्याला घट्टे पडले. सतत दाब आणि घासण सोसून कातडीचा वरचा थर जाड होतो. काम सुटलं की तो उतरतोही. निवृत्तीनंतर अण्णांचे घट्टे उतरले. बोटांच्या रेषा मात्र लोखंडाच्या किसाने, कूलंटने आणि वयाने नेल्या.

आईची पैठणी ते कधी तळव्यावर घेत नसत. घट्ट्यात रेशीम अडकायचं, म्हणून मनगटावर टाकून आणायचे. आमच्या गालावरून हात फिरवायचे तोही उलटा.

मी कामाला जातो तेव्हा वाटेत चाकणचा संग्रामदुर्ग लागतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला. किल्लेदाराचं नाव उरलं, खानाचंही उरलं. ते भुयार खणणारे हात कुणाचे होते? त्यांच्याही घरी कुणी उलट्या हाताने लेकरांना कुरवाळत असेल.

आमच्या टूलरूममध्ये डायवरचा शेवटचा हात अजून माणसाचाच. आयटीआयची पोरं येतात. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना भार काढायचा, हे सांगायला मिनिट पुरतं. पण ती न डुलता सपाट चालायला खांदा, कोपर, पाय सगळं एका लयीत यावं लागतं. ती लय सापडू लागते, तोवर पोराचं अकरा महिन्यांचं कंत्राट संपतं. घट्टा काही आठवड्यांत पडतो. हात बसायला वर्षं लागतात. अण्णांना ती वर्षं मिळाली. या पोरांनाही एका बाकावर, एका उस्तादाच्या हाताखाली, तेवढी मिळायला हवीत.